टूर २०२५ ची सरासरी ४२.८५ की ४३.४४? शर्यतीतला सरासरी वेग नेमका कसा काढतात

कॅडन्स_नव्वद (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. २०२५ च्या टूर द फ्रान्सचा (फ्रान्समधली २१ टप्प्यांची सायकल शर्यत) हिशेब जुळत नाहीये, म्हणून हा धागा.

विजेत्या पोगाचारची एकूण वेळ ७६ तास ०० मिनिटे ३२ सेकंद. शर्यतीचं आधी जाहीर झालेलं अंतर ३,३३८.८ किमी. भागाकार केला की ४३.९३ किमी/तास येतात. बातम्यांत मात्र ४२.८५ छापलंय, आजवरची सर्वांत वेगवान टूर म्हणून. १९वा टप्पा ऐनवेळी १२९.९ वरून ९३.१ किमीवर आणला होता हे धरलं आणि अंतर ३,३०२ केलं, तरी उत्तर ४३.४४. अर्ध्या किलोमीटरहून जास्त फरक उरतो. इतका फरक आकडे जवळच्या पूर्णांकात लिहिल्यामुळे पडणं शक्य नाही.

दुसरा प्रश्न त्याला लागूनच. एकाच टप्प्याचा सरासरी वेग निकालपत्रात एक, टीव्हीवर दुसरा आणि रायडरच्या स्ट्राव्हावर (सायकलफेऱ्या नोंदवणारं ॲप) तिसराच दिसतो. खरा कुठला धरायचा?

शून्य_किलोमीटर

तुमची वेळ बरोबर आहे, अंतर जास्त धरलं गेलंय.

२१व्या टप्प्याला पॅरिसमध्ये पाऊस होता. मोंमार्त्रच्या चढाचे दगडी रस्ते ओले झाले होते. म्हणून आयोजकांनी एकूण क्रमवारीसाठीची (सगळ्या टप्प्यांच्या वेळांच्या बेरजेवरून ठरते ती) वेळ सुमारे ५० किमी बाकी असतानाच, अंतिम रेषेवरून जाताना घेतली. त्यापुढे टप्पा जिंकण्याची शर्यत चालू राहिली आणि वाउट व्हान आर्टने तो जिंकलाही. पण ते शेवटचे किलोमीटर पोगाचारच्या ७६ तासांत नाहीत. वेळ तिथे थांबली आणि तुम्ही अंतर शेवटपर्यंत मोजलं.

आता करून बघा. ३,३०२ मधून ५० वजा, ३,२५२. भागिले ७६.००८९ तास. उत्तर ४२.७८. ५० हा गोल आकडा आहे. छापलेल्या ४२.८५ वरून उलट गेलात तर ४२.८५ × ७६.००८९ = ३,२५७ किमी, म्हणजे वगळलेलं अंतर ४५ च्या घरात येतं. मेळ बसला.

एकाच टप्प्याला दोन घड्याळं होती आणि दोघांना वेगवेगळं अंतर होतं, एवढाच हा घोळ. कुठलाही सरासरी वेग बघताना पहिला प्रश्न हाच विचारावा: वरचं अंतर आणि खालची वेळ एकाच तुकड्याची आहे का?

घाटमाथा

जाता जाता: १९वा टप्पा छोटा करावा लागला तो गुरांमधल्या रोगामुळे. कोल दे सेझी परिसरातल्या एका कळपात जो आढळला तो आपल्याकडे लम्पी म्हणतात तोच. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला त्या बातमीचं गांभीर्य कुणी समजावून सांगायची गरज नाही.

शून्य_किलोमीटर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर थोडं लांब आहे.

गावातून रायडर निघतात ती खरी सुरुवात नसते. संचालकाच्या गाडीमागे सगळा घोळका सावकाश जातो, त्याला न्यूट्रल पट्टा म्हणतात. गावाबाहेर शून्य किलोमीटरचा फलक असतो. तिथे संचालक गाडीच्या छतातून उभा राहून झेंडा खाली करतो आणि घड्याळ सुरू होतं. निकालपत्रातलं अंतर या फलकापासून अंतिम रेषेपर्यंतचं असतं, वेळही तिथूनची. शर्यत उशिरा सुटली तर छापलेली नव्हे, प्रत्यक्ष सुटलेली वेळ धरतात.

रायडरचं सायकल कॉम्प्युटर मात्र बसपाशीच चालू झालेलं असतं. समजा न्यूट्रल पट्टा ८ किमीचा आहे आणि तो २५ च्या वेगाने काटला. त्याला १९ मिनिटे १२ सेकंद लागतील. एखादा टप्पा निकालपत्रात ५०.०१ ने झाला असेल, १७४ किमीच्या आसपासचा, तर या आठ किलोमीटरमुळे स्ट्राव्हावर ४७.९ दिसेल. वर अंतिम रेषेनंतर बसपर्यंतचं फिरणं त्यात राहिलं, तर अजून खाली.

टीव्हीवरचा आकडा चालू असताना बदलतो, कारण तो आघाडीच्या रायडरचा त्या क्षणापर्यंतचा असतो आणि पुढचं अंतर जीपीएसवरून घेतात. अधिकृत आकडा म्हणायचा तर निकालपत्रातला: विजेत्याची वेळ आणि मार्गपुस्तिकेतलं अंतर.

त्रैराशिक

या धाग्यात एक नमुना आकडेमोडीसकट असायला हवा. २०२५ चाच ९वा टप्पा घेऊ, शिनॉं ते शातोरू. टिम मेर्लिए जिंकला. अंतर १७४.१ किमी, वेळ ३ तास २८ मिनिटे ५२ सेकंद.

वेळ आधी सेकंदात करा: १०,८०० + १,६८० + ५२ = १२,५३२. अंतराला ३,६०० ने गुणा: ६,२६,७६०. भागाकार ५०.०१२८, म्हणून जाहीर झालं ५०.०१३ किमी/तास. टूरच्या इतिहासातला हा दुसऱ्या क्रमांकाचा वेगवान रस्त्यावरचा टप्पा, टाइम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत) सोडून. पहिला १९९९ चा लाव्हाल ते ब्लवा, मारियो चिपोल्लिनी.

तास-मिनिटांचं दशांशात रूपांतर करताना सर्वांत जास्त चुका होतात. ३:२८:५२ ला कुणी ३.२८५२ तास लिहितं आणि उत्तर ५२.९९५ येतं. ते इतकं पटण्यासारखं दिसतं की शंका येत नाही. खरं रूपांतर ३.४८११. सेकंदात काम करा, ही चूक होणारच नाही.

आता मला महत्त्वाचं वाटतं ते. या आकड्यावर विश्वास किती ठेवायचा?

वेळ एक सेकंदाने चुकली तर ५०.०१२८ चं ५०.००८८ होतं. फरक ०.००४. नगण्य.

अंतर मार्गपुस्तिकेत शंभर मीटरच्या पटीत छापतात. १७४.१ याचा अर्थ १७४.०५ ते १७४.१५ मधलं काहीही. १७४.०५ धरलं तर ४९.९९८. १७४.१५ धरलं तर ५०.०२७. म्हणजे '५० ची भिंत पार झाली' हे वाक्य त्या छापलेल्या एका दशांशावर उभं आहे. खरं अंतर १७४.०५६ पेक्षा कमी भरलं असतं तर भिंत पार झालीच नसती. ५० च्या वेगाने एका सेकंदात १३.९ मीटर जातात. शंभर मीटर म्हणजे सात सेकंद. घड्याळ शतांश सेकंद टिपणारं, मार्ग मात्र सात सेकंदांच्या पट्टीने मोजलेला.

मेर्लिएच्या कर्तृत्वाबद्दल यात काही उणं नाही. व्हान डेर पूल आणि त्याचा सहकारी पहिल्या किलोमीटरपासून पुढे पळाले, व्हान डेर पूल अगदी शेवटच्या किलोमीटरमध्ये सापडला, आणि त्या पाठलागाने सगळा घोळका दिवसभर या वेगाने ओढला गेला. टप्पा अफाटच होता.

कॅडन्स_नव्वद

पहिला प्रश्न मिटला, मनापासून आभार. चिपोल्लिनीचा आकडा करून बघितला. १९४.५ किमी, ३ तास ५१ मिनिटे ४५ सेकंद, म्हणजे १३,९०५ सेकंद. मला ५०.३५६ मिळतंय, सगळीकडे ५०.३५५ लिहिलंय. कुठे चुकलं?

त्रैराशिक

कुठेही नाही. पूर्ण भागाकार ५०.३५५९९ आहे. जवळच्या आकड्यात लिहिलं तर ५०.३५६, नुसता छाटला तर ५०.३५५. १९९९ चा आकडा छाटलेला दिसतो, २०२५ चा जवळच्या आकड्यात आणलेला. दोन काळांतले आकडे तिसऱ्या दशांशापर्यंत ताडून बघू नका, दोघांची लिहायची पद्धतच एक नाही. क्रमवारीला मात्र धोका नाही. चिपोल्लिनीचं अंतर ५० मीटर कमी धरलं तरी ५०.३४३ उरतात, आणि मेर्लिएचं ५० मीटर वाढवलं तरी ५०.०२७.

निकालवाली

सगळ्या टप्प्यांचे सरासरी वेग बेरजेत घेऊन २१ ने भागणारे तक्ते समाजमाध्यमांवर फिरतात. ते चूक आहेत. का, ते आकड्यात सांगते.

दोन खरे टप्पे घ्या. २०१५ मध्ये उट्रेख्टला रोहन डेनिसने १३.८ किमीची टाइम ट्रायल १४ मिनिटे ५६ सेकंदांत मारली, ५५.४४६ किमी/तास. दुसरा वरचा मेर्लिएचा, ५०.०१३. दोन वेगांची साधी सरासरी ५२.७३. पण एकत्र अंतर १८७.९ किमी आणि एकत्र वेळ १३,४२८ सेकंद, म्हणजे खरा सरासरी वेग ५०.३८. पंधरा मिनिटांच्या टप्प्याला साडेतीन तासांच्या टप्प्याएवढा मान दिला की असा २.३५ किलोमीटरचा फुगवटा येतो.

घाटाचं उदाहरण तर शाळेतलंच आहे: १५ किमी चढ २० ने, तोच १५ किमी उतार ६० ने. उत्तर ४० नाही, ३०. चढावर ४५ मिनिटं गेली, उतारावर १५. म्हणूनच डोंगराच्या टप्प्यात उतारावर कितीही जीव धोक्यात घातला तरी सरासरी फारशी हलत नाही. ती ठरते चढावर.

एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा. 'पहिल्या तासात ४९, दुसऱ्यात ४७' असे तासागणिक आकडे समालोचनात येतात. त्यांची साधी सरासरी चालते, कारण प्रत्येकाचा काळ सारखाच, एक तास. फक्त शेवटचा अर्धामुर्धा तास त्याच्या मिनिटांच्या प्रमाणात धरायचा.

घाटमाथा

एकूण क्रमवारीच्या वेळेबद्दल अजून एक. ती निव्वळ सायकल चालवल्याची वेळ नसते. टाइम ट्रायल सोडून बाकी टप्प्यांच्या शेवटी पहिल्या तिघांना १०, ६ आणि ४ सेकंदांची सूट मिळते, ती एकूण वेळेतून वजा होते. दंडाचे सेकंद मिळवले जातात. शिवाय एकाच घोळक्यात आलेल्या सगळ्यांना एकच वेळ देतात, मग शंभरावा रायडर प्रत्यक्षात वीस सेकंद मागून रेषा ओलांडो.

याने किती फरक पडतो? टूरभर मिळून मिनिटभर सूट मिळाली असं धरा. ७६ तासांत एक मिनिट म्हणजे सरासरीत ०.००९ किमी/तास. म्हणून तीन आठवड्यांच्या शर्यतीत दोन दशांशांपुढे लिहिण्यात अर्थ नाही. एका टप्प्याच्या सरासरीत सूट मुळी धरतच नाहीत, तिथे रेषेवरची कोरी वेळ लागते. निकालाचा तक्ता उतरवताना 'टप्पा' आणि 'एकूण' हे रकाने चुकून मिसळले जातात, तेवढं जपा.

टायरवाली

स्ट्राव्हाच्या आकड्यात न्यूट्रल पट्ट्याखेरीज यंत्राचेही दोष असतात, ते लिहिते.

चाकावरचा सेन्सर फेऱ्या मोजतो आणि परिघाने गुणतो. कॉम्प्युटरमध्ये ७०० बाय २५ च्या टायरला साधारण २,१०५ मिमी असतं आणि ७०० बाय २८ ला २,१३६. टायर बदलला आणि परिघ बदलायचा राहिला तर दीड टक्का चूक. १७४.१ किमीचा टप्पा १७१.६ दिसेल आणि ५०.०१ चं ४९.२९ होईल. वरच्या सेकंदांच्या चर्चेपुढे ही चूक केवढी मोठी आहे बघा.

तक्त्यातला परिघही अंदाजच. रिमच्या आतल्या रुंदीने आणि हवेच्या दाबाने टायरचा आकार बदलतो. नीट मोजायचं तर शर्यतीच्या दाबाइतकी हवा भरा, व्हॉल्व्ह बरोबर खाली आणून जमिनीवर खडूने खूण करा, सायकलवर बसून, कुणाला तरी हँडल धरायला सांगून, पाच फेऱ्या सरळ रेषेत जा, पुन्हा व्हॉल्व्ह खाली आला की खूण करा. अंतराला पाचने भागा. बसणं गरजेचं आहे. वजनाने टायर दबतो आणि फेरीचं अंतर काही मिलिमीटर कमी होतं. हात धरून ढकलत मोजलेला परिघ नेहमी जास्त येतो.

जीपीएसची चूक वेगळ्या जातीची. ते सेकंदाला एक बिंदू घेऊन बिंदूंमध्ये सरळ रेषा जोडतं. वळणावर आतून काप घेतलं जातं, म्हणजे अंतर कमी. सावकाश चढावर बिंदू डावी-उजवीकडे नाचतात, म्हणजे अंतर जास्त. बोगद्यात किंवा अरुंद दरीत बिंदूच तुटतात. शिवाय नकाशावरचं आडवं अंतर आणि रस्त्यावरचं तिरकं अंतर यात ८ टक्के चढावर दर १० किमीला ३२ मीटरचा फरक असतो. तो छोटा आहे, पण शंभर मीटरच्या वादात मोजावा लागतो.

आणि ऑटो-पॉज. थांबलेला काळ वगळून काढलेला वेग ही शर्यतीची सरासरी नव्हे. चाक पंक्चर झालं, खाली पडला, शूज बांधला, सगळा काळ शर्यतीत मोजलाच जातो. रायडरची फाइल बघताना 'चालता वेळ' न घेता 'एकूण वेळ' घ्या.

कॅडन्स_नव्वद

मग मार्ग मोजताना आयोजक याहून काटेकोर का नाहीत? मॅरेथॉनचा मार्ग तर मीटरमीटर मोजतात.

शून्य_किलोमीटर

कारण मॅरेथॉनला अंतर ठरलेलं असतं, म्हणून वेळांची तुलना होते. तिथे सायकलच्या चाकाला काउंटर लावून शक्य तितक्या आखूड रेषेने मोजतात आणि मार्ग कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर मुद्दाम जास्त ठेवतात. रस्त्यावरच्या सायकल शर्यतीत सगळे एकाच दिवशी एकाच मार्गावर असतात. कोण आधी पोचला एवढंच ठरवायचं, त्याला अंतर शंभर मीटर इकडेतिकडे झालं तरी निकाल बदलत नाही. सरासरी वेग हे त्या निकालाचं उपउत्पादन आहे, विक्रम नव्हे.

जिथे सरासरी वेग हाच निकाल, तिथे काटेकोरपणा दिसतो. तासाच्या विक्रमात वेळ पक्की, अंतर मोजायचं. फिलिप्पो गान्नाने ८ ऑक्टोबर २०२२ ला ग्रेंखेनच्या ट्रॅकवर ५६.७९२ किमी काढले. तिथे मोजण्याची रेषा ट्रॅकवर रंगवलेली असते आणि तिची लांबी प्रमाणित असते. तिसरा दशांश तिथे शोभतो.

टाइम ट्रायल या दोघांच्या मधे. लेमॉंडची १९८९ ची व्हर्साय ते पॅरिस: २४.५ किमी, २६ मिनिटे ५७ सेकंद, ५४.५४५. त्याचा प्रतिस्पर्धी फिन्यों त्याच मार्गावर ५८ सेकंद मागे, म्हणजे ५२.६६. अख्ख्या टूरचा निकाल आठ सेकंदांनी लेमॉंडकडे फिरला. अंतर २४.४ असतं तरी निकाल तोच लागला असता, पण लेमॉंडचा वेग ५४.३२ झाला असता. छोट्या मार्गावर अंतराची चूक जास्त बोचते.

निकालवाली

मान्य, पण 'उपउत्पादन' म्हणून सोडून देता येत नाही. सरासरी वेगावर रायडरचं शर्यतीत राहणं ठरतं. वेळमर्यादेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

टूरमध्ये प्रत्येक टप्प्याला अवघडपणानुसार एक वर्ग दिलेला असतो. त्या वर्गाच्या तक्त्यात विजेत्याचा सरासरी वेग शोधायचा, समोरचा टक्का घ्यायचा, आणि विजेत्याच्या वेळेत तेवढे टक्के मिळवायचे. त्या वेळेच्या आत जो पोचला नाही तो बाहेर. वेग वाढला की टक्काही वाढतो. कारण जोरात झालेल्या शर्यतीत विजेत्याची वेळ कमी, म्हणून तोच टक्का कमी मिनिटं देईल, आणि मागचे मात्र जास्त दमलेले असतील.

नुसता हिशेब कळावा म्हणून: विजेता ४ तास ३० मिनिटांत आला आणि टक्का १४ असला तर मर्यादा ३७ मिनिटे ४८ सेकंद. वेग तक्त्यातल्या एका पायरीच्या काठावर असेल आणि टक्का १३ निघाला तर ३५ मिनिटे ६ सेकंद. पावणेतीन मिनिटं गेली. मागच्या घोळक्यातल्या स्प्रिंटरसाठी (सपाटीवर वेगवान, चढावर मागे पडणारा रायडर) पावणेतीन मिनिटं म्हणजे घरी जाणं की उद्या पुन्हा सुटणं. २०२१ मध्ये तीन्यच्या टप्प्यात आर्नो देमार मर्यादेबाहेर गेला, तो असाच डोंगरातला दिवस. म्हणून संघाच्या गाडीत बसलेला माणूस शेवटच्या चढावर विजेत्याची अंदाजे वेळ, त्यावरून वेग, त्यावरून टक्का असा हिशेब सतत करत असतो आणि मागच्या रायडरना रेडिओवर मिनिटं सांगतो.

मार्गपुस्तिकेतही प्रत्येक गावासमोर तीन सरासरी वेगांनी तीन अंदाजे वेळा छापतात, उदाहरणार्थ ४२, ४४ आणि ४६. पोलिसांनी रस्ता कधी बंद करायचा, खाद्यपिशव्या घेऊन माणसं कधी उभी करायची, हे त्यावर चालतं. शर्यत सर्वांत वेगवान रकान्याच्याही पुढे पळाली की ही सगळी साखळी ताणली जाते.

घाटमाथा

अर्धवट थांबवलेल्या टप्प्यांचं काय, हे वर सुटलं. २०१९ चा १९वा टप्पा, तीन्यला जाणारा. गारपीट झाली, दरड कोसळली, रस्ता बुजला. वेळा वाटेतल्या इझराँ घाटाच्या माथ्यावर घेतल्या, बेर्नाल तिथे पुढे असल्याने एकूण आघाडीची पिवळी जर्सी त्याच्याकडे गेली, टप्प्याचा विजेता कुणीच नाही. नियोजित अंतर १२६.५ किमी होतं, मोजलं गेलं ८९. जुन्या तक्त्यांत कुठे कुठे १२६.५ तसंच राहिलंय. त्यातून काढलेला वेग डोंगराच्या टप्प्याला न शोभणारा निघतो, आणि चूक तिथेच पकडता येते.

मिलान–सान रेमो २०१३ मध्ये बर्फामुळे शर्यत थांबवून रायडरना बसने पुढे नेलं होतं. तिथेही सायकलवर काटलेले किलोमीटर तेवढे धरायचे. अशा दिवसाचा आकडा जुन्या वर्षांशी ताडायचाच नाही, हे माझं मत. मार्ग वेगळा झाला, मधे अंग गार पडलं, सगळंच बदललं.

त्रैराशिक

ताडायचंच असेल तर एकदिवसीय शर्यती बऱ्या, पण तिथेही अंतर बघून. पॅरिस–रूबे, तिन्ही वर्षं व्हान डेर पूल:

२०२३: २५६.६ किमी, ५ तास २८ मिनिटे ४१ सेकंद, ४६.८४
२०२४: २५९.७ किमी, ५ तास २५ मिनिटे ५८ सेकंद, ४७.८०
२०२५: २५९.२ किमी, ५ तास ३१ मिनिटे २७ सेकंद, ४६.९२

२०२४ ला २०२३ पेक्षा तीन किलोमीटर जास्त आणि पावणेतीन मिनिटं कमी. त्या दिवशी वारा पाठीमागून होता. रूबेचा मार्ग ढोबळमानाने दक्षिणेकडून उत्तरेला जातो, परतीचा रस्ता नाही, म्हणून वाऱ्याची फेड होत नाही. गोल मार्गावर अर्धा वेळ वारा अंगावर येतोच. मिलान–सान रेमोलाही हेच लागू. बून्योचा १९९० चा आकडा, २९४ किमी ६ तास २५ मिनिटे ६ सेकंद म्हणजे ४५.८१, चौतीस वर्षं टिकला. २०२४ ला फिलिप्सनने २८८ किमी ६ तास १४ मिनिटे ४४ सेकंदांत केले, ४६.११. पण २०२४ ला शर्यत मिलानहून नव्हे, पाव्हियाहून सुटली होती. जुना विक्रम मोडला म्हणताना ही ओळ सोबत असावी.

रुंद टायर, हवेला कापणारे कपडे, शर्यतीत तासाला शंभर ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, या सगळ्याने वेग वाढलाय हे खरंच. पण त्यातला वाटा कुणाचा किती हे एका शर्यतीच्या सरासरीवरून काढता येत नाही.

तळटीप_पुणे

गणकयंत्राऐवजी स्प्रेडशीट वापरणाऱ्यांसाठी: वेळेचा खाना आतून दिवसाच्या अपूर्णांकात असतो. म्हणून अंतराला 'वेळ गुणिले २४' ने भागायचं. २४ विसरलात तर ५० ऐवजी १,२०० दिसेल, ते लगेच कळतं. न कळणारी चूक दुसरी. २४ तासांवरची वेळ साध्या स्वरूपात दाखवली की ७६:००:३२ चं ४:००:३२ दिसतं. आत संख्या बरोबर असते, पण कुणी ते दिसणारं नकलून पुढे नेलं की संपलं. स्वरूप निवडताना तासांच्या खुणेला चौकटी कंस द्या, मग पूर्ण तास दिसतात.

एक प्रश्न माझाही. आमच्या मंडळाच्या शर्यतीत ४० किमीच्या आसपासचा घाटरस्ता आहे. सरासरी वेग आणि 'घाटाचा राजा'ची वेळ दोन्ही लावायच्या आहेत, मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाटाला असतो तसा. अंतर कशाने मोजावं?

टायरवाली

रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांवर जाऊ नका. रुंदीकरण आणि बाह्यवळणानंतर ते खऱ्या अंतराशी जुळतीलच असं नाही. एका गाडीच्या मीटरवरही नको.

सरळ, सपाट रस्त्यावर स्टीलच्या टेपने ३०० मीटर मोजून दोन खिळे मारा. टेप ताणलेली असावी, कापडी नको. सायकलने तो तुकडा चार वेळा काटा आणि चाकाच्या फेऱ्या मोजा, शेवटची अपूर्ण फेरी आऱ्यांवरून. २८ च्या टायरला साधारण १४०.४ फेऱ्या यायला हव्यात. चार आकड्यांत पाव फेरीहून जास्त फरक असेल तर सरळ रेषा सुटतेय. मग लगेच मार्ग मोजायला निघा आणि परत आल्यावर ३०० मीटर पुन्हा काटा. उन्हाने टायरमधली हवा तापते, चाक फुगतं, फेऱ्या कमी येतात. आधीच्या आणि नंतरच्या मापाची सरासरी वापरा. अशाने ४० किमीत चूक ५० मीटरच्या आत ठेवता येते.

मोजताना रायडर ज्या बाजूने जाणार त्याच बाजूने जा. नागमोडी घाटात समोरची बाजू कापत मोजलंत तर मार्ग आखूड भरेल आणि शर्यतीत कुणाला तशी वाट मिळणार नाही.

निकालवाली

घाटाच्या वेळेसाठी एक भर. सुरुवातीची रेषा चढ सुरू होतो 'त्या सुमारास' अशी ठेवू नका. पूल किंवा मैलाचा दगड अशी न हलणारी खूण निवडा, टपरी नव्हे, आणि तिचा फोटो निकालपत्रात लावा. टूरमधल्या आल्प द्युएझ या प्रसिद्ध चढाच्या वेळांवर कित्येक वर्षं वाद चाललाय तो याच कारणाने. पांतानीची १९९७ ची ३७ मिनिटे ३५ सेकंद ही १३.८ किमीची वेळ मानतात, पण चढ आणखी खालून मोजणारे साडेचौदाच्या आसपास धरतात. अंतर न सांगता दिलेली वेळ तिथे निरुपयोगी आहे. १३.८ ला २२ किमी/तास येतात, आणि तीच वेळ चुकून १४.५ ला लावली तर २३ च्या वर.

घाटाची वेळ घोळक्यात येणाऱ्यांची असेल तर आपापली चालणारी दोन घड्याळं लावू नका. पायथ्याला आणि माथ्याला एकाच वेळेवर जुळवलेले दोन फोन ठेवा, दोन्हीकडे चित्रीकरण करा, आणि वजाबाकी नंतर बसून करा.

तळटीप_पुणे

हे नेमकं हवं होतं. स्टीलची टेप ३० मीटरची आहे, दहा वेळा लावावी लागेल.

टायरवाली

चालेल. प्रत्येक टोकाला खडूऐवजी चिकटपट्टी लावून तिच्यावर बारीक पेनाने रेघ मारा. खडूची रेघ अर्धा सेंटीमीटर जाड असते, दहा जोडांत पाच सेंटीमीटर होतात. ३०० मीटरला पाच सेंटीमीटर म्हणजे ४० किमीला साडेसहा मीटर. तेवढे चालतील, पण टाळता येतात.

कॅडन्स_नव्वद (धागाकर्ता)

माझा तक्ता दुरुस्त केला. २१व्या टप्प्याला दोन ओळी केल्या: विजेत्यासाठी पूर्ण अंतर, एकूण क्रमवारीसाठी वेळ घेतली त्या रेषेपर्यंतचं. २०१९ ला इझराँपुढे ८९ घातले. ९व्या टप्प्यासमोर आता '५०.०१, अंतरामुळे ०.०१४ कमी-जास्त' असं लिहिलंय, आणि वेगांचे दोन दशांश सोडून पुढचे सगळे काढून टाकले. २०२२ आणि २०२३ च्या टूरचे टप्पे याच पद्धतीने भरायला घेतोय. छोटे केलेले किंवा मधेच वेळ घेतलेले टप्पे कुणाच्या लक्षात असतील तर इथेच लिहा.